सातव्या पानापासून पुढे

त्या कागदावर हळदीकुंकवाचे डाग होते आणि डागांच्या खाली मैल्याच्या टाकीची सूचना होती. हे वाचता येणारा माणूस या पृथ्वीवर एकच, तो म्हणजे मी, आणि मी तेव्हा दुकानात चहात टोस्ट बुडवत होतो. समोरच्या मुलीने कागद दोन्ही हातांनी धरला होता, प्रसाद धरावा तसा. वरवर पाहिलं तर त्यावर काहीच नव्हतं. डोक्यावर टिंबं असलेला यू, शेपूटवाला सी, उलटं प्रश्नचिन्ह, पौंडाची खूण, मध्येच एखादा भरकटलेला कंस. कुणीही कचरा म्हणून फेकून दिला असता. मी वाचला. वाचायचं ठरवलं नव्हतं, डोळ्यांनी जुन्या खोडीने परस्पर वाचून टाकला. सर्व सभासदांना कळविण्यात येते की सोसायटीच्या मैल्याच्या टाकीची साफसफाई दिनांक अमुक रोजी होणार असल्याने. टोस्टचा भिजलेला तुकडा चहात पडला आणि मी तो चमच्याने शोधत बसलो, कारण मान वर करायची नव्हती.

"ओळखलंत का काका? मी कल्पिता. शीळफाट्याच्या गुणाजी म्हात्र्यांची नात," ती म्हणाली. "आजोबा आजीला घेऊन तुमच्याकडे आलेले बघा, दोन हजार चारला. धवला टाइप करायला."

ओळखलं होतं. तिची आजी रखमाबाई ही आगऱ्यांतली धवलारीण. लग्नात भटजीच्या आधी जिचा मान, मांडवात बसून जी देवांना, वेशीला, पाण्याला, मिठागराला एकेक करून गाण्यातून आवतण देते, ती बाई. हळद तिच्या गाण्याशिवाय, धवल्याशिवाय, लागत नाही. लिहायला-वाचायला दोघांनाही येत नव्हतं, आणि गुणाजीच्या डोक्यात आलं होतं की बायकोचं सगळं गाणं पुस्तकात उतरवून ठेवायचं. मग छापणार, गावातल्या पोरी पुस्तकातून शिकणार. तो दुसऱ्याच वर्षी गेला आणि छापणं राहिलं ते राहिलंच.

"पुढच्या गुरुवारी माझी हळद आहे," कल्पिता म्हणाली. "आजीला आता काय आठवत नाय. सुरुवात करते नि तिथेच फिरत बसते. म्हणून मी सीडी शोधून काढली. तीन कन्व्हर्टरमध्ये टाकून बघितलं, ऑफिसातल्या एकाला दाखवलं, कुणाला जमलं नाय. फॉन्टच कुठला ते कळत नाय बोलतात. तुमच्याशिवाय कोण करणार?"

आताच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. त्याच्याकडे दोनशे छप्पन खाने, आणि ते सगळे गोऱ्यांच्या अक्षरांनी भरलेले. त्या अक्षरांवर आम्ही मराठीचे मुखवटे चढवायचो. कॉम्प्युटरला वाटायचं आपण शेपूटवाला सी दाखवतोय, आणि पडद्यावर दिसायचा अर्धा श. मुखवटा म्हणजे फॉन्ट. तो काढला की आतलं तोंड दिसतं, कल्पिताच्या हातातल्या कागदावर दिसत होतं तसं. की-बोर्डच्या बटणांत मावली तेवढी अक्षरं मावली. उरलेली जोडाक्षरं, रफार, पोटफोड्या खुणा वरच्या खान्यांत गेल्या. ती काढायला डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून धरायचं आणि उजव्या हाताने चार आकडे मारायचे, शून्यापासून सुरू होणारे. शून्य दोन तीन एक. शून्य एक नऊ आठ. असे सव्वाशे आकडे माझ्या बोटांत होते. त्यावर आमचे सीतारामशेठ वरताण. गिऱ्हाईक फाइल घेऊन दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून त्यांनी एका माणसाकडून फॉन्टमधली अक्षरं इकडची तिकडे हलवून घेतली होती. आमच्या दुकानात टाइप केलेलं आमच्याच दुकानात उघडायचं. डोंबिवलीत तेव्हा बरेच जण असलं काहीतरी करायचे आणि त्याला धंद्याची अक्कल म्हणायचे. पुढे शेठ गेले, ती मशीन भंगारात गेली, फॉन्ट तिच्याबरोबर गेला. मुखवटा उरला नाही. सव्वाशे आकडे तेवढे माझ्या बोटांत राहिले, चामखीळ राहते तसे. माझी बायको जया म्हणते, झोपेतसुद्धा तुमचा डावा अंगठा हलतो, मला किळस येते त्याची. मलाही येते.

एक काळ होता, मला याचा माज होता. मुखवट्याशिवाय मी वाचू शकतो म्हणून शेठ मला गिऱ्हाइकांपुढे उभा करायचे. आता जगात कुठल्याही मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर आहे, कुठल्याही फोनवर ते आपलं तोंड घेऊन उगवतं, आणि शाळकरी पोरं अंगठ्याने माझ्यापेक्षा वेगात टाइप करतात. मी आधार कार्डांना प्लास्टिक चढवतो. पासपोर्ट फोटो कापतो. खिडकीतून एमआयडीसीचा वास येतो, कधी कुजलेल्या लसणाचा, कधी नुसता गोडसर, आणि तो गोडसर जास्त वाईट. त्या दिवशी गोडसर होता. कल्पिताने कागदांची चळत टेबलावर ठेवली, अठ्ठेचाळीस पानं, आणि मी वरवर चाळली. पहिली सहा पानं खरी होती. त्यांत मांडव होता, हळद होती, उखळ होतं. सातव्यापासून अठ्ठेचाळीसपर्यंत मैल्याची टाकी. एकच पान, बेचाळीस वेळा.

"हे डाग कसले?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"आजोबांनी देव्हाऱ्यात ठेवलेलं ना. पप्पांनी कुठूनतरी प्रिंट काढून आणली, ती अशी निघाली. पप्पा बोलले बिघडलंय, फॉन्ट नाय. पण आजोबा खूष. कॉम्प्युटरची लिपी अशीच असते बोलले. दसऱ्याला हळदकुंकू लावलं त्यांनी. आम्ही अजून लावतो."

बेचाळीस पानांत एकाही शिकलेल्या माणसाला दिसलं नव्हतं की पान तेच तेच आहे. का दिसेल? ज्यांना वाचता येतं ते न वाचता येणाऱ्या कागदाकडे बघतच नाहीत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर मी ते केलं होतं.

ते आले तेव्हा एप्रिल होता. अकरा दुपारी ठरल्या होत्या. रखमाबाई स्टुलावर बसायची, पाय जमिनीला टेकायचे नाहीत, गुणाजी बाकावर, हात मांडीवर ठेवून. ती गायची, मी टाइप करायचो. पहिल्या दोन दुपारी मी मन लावून केलं, हे खोटं नाही. तिच्या बोलीतले उच्चार आमच्या खान्यांत बसत नव्हते, मी दोन-दोन खुणा जोडून ते बसवत होतो, ओढून लांबवलेल्या सुरासाठी वरच्या खान्यातली एक बिनकामाची खूण वापरत होतो. सहाव्या पानावर मिठागराला आवतण देताना ती गायली, "खाऱ्या पान्या रं, आमचे मांडवान ये, तुझे पांढरे पावलांनी ये," आणि माझी बोटं क्षणभर थांबली. आवडलं होतं. आणि आवडलं याचाच राग आला. मी कोकणातून आलेल्या कारकुनाचा मुलगा, शुद्धलेखनात पहिला येणारा. मी काय लिहीत बसलोय? तिच्या पिशवीतल्या सुक्या जवळ्याचा वास पंख्याने सगळ्या दुकानभर फिरवला होता. एक ओळ ती सात वेळा म्हणायची, सातही वेळा किंचित वेगळी, आणि सातही वेळा मला ऑल्ट दाबावं लागायचं. अंगठ्याला फोड आला होता. तिच्या गळ्यातली शीर फुगायची, वरच्या ओठावर घाम जमायचा, आणि मला ओकारीसारखं व्हायचं. खरं सांगायचं तर बाई स्वच्छ होती. घाण माझ्या डोक्यात होती.

तिसऱ्या दुपारी वर्तकनगरच्या एका सोसायटीची सूचना संध्याकाळपर्यंत द्यायची होती. रखमाबाईने गायला सुरुवात केली आणि मी सूचना टाइप करायला घेतली. त्याच फाइलमध्ये, सातव्या पानावर. गुणाजी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता, काळी अक्षरं भराभर उमटत होती, आणि त्याच्या तोंडावर असं काही समाधान होतं की मला हसू आवरेना. ती देवांना बोलवत होती आणि मी टाकीची झाकणं उघडी राहतील, लहान मुलांना लांब ठेवावे, असं टाइप करत होतो. झालं. एकदा झालं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सोपं गेलं. पुढच्या आठ दुपारी मी माझी राहिलेली कामं उरकली, लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रकं, क्लासच्या जाहिराती, आणि शेवटच्या दिवशी सातवं पान बेचाळीस वेळा चिकटवून बाड सजवलं. आमच्या धंद्यात पानांचा अंदाज घ्यायला असा खोटा मजकूर भरून ठेवायची रीत आहे. मी स्वतःला सांगितलं, ही तीच रीत, खरा मजकूर नंतर भरू. सीडी दिली तेव्हा गुणाजीने ती कपाळाला लावली. मला नमस्कार करायला वाकला. मी त्याला वाकू दिलं.

आता कल्पिताला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. फाइल खराब झालीय, होत नाही. तिने मानही हलवली असती, जुन्या सीड्यांचं काय खरं असतं. पण माझ्यातला तो जुना, सडका माज उठला. "मला येतं वाचता," मी म्हणालो. "मुखवट्या— फॉन्टशिवायसुद्धा येतं."

तिचा चेहरा बदलला. "असं बघून? डायरेक्ट?" ती खुर्चीवर बसलीच. "मग काका, तुम्ही घरी या ना. आजीसमोर वाचा. ऐकून तिला आठवेल कदाचित. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेते, हळदीला माझ्या मावश्या तेच बघून गातील. याल ना? प्लीज."

हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

मधले दोन दिवस मी धवला रचत होतो. ऐकून लाज वाटेल असं काम, पण मी ते नेटाने केलं. सहा पानांवरून चाल सापडली होती. आवतण कुणाकुणाला द्यायचं याची यादी केली, खाडीला, आंब्याला, भाताला, चुलीला. यमकं जुळवली. ऑल्टच्या आकड्यांत रमलेलं डोकं असल्या कामाला तयारच असतं, या खान्यात हे, त्या खान्यात ते. फोटो कापता कापता मी ओठांतल्या ओठांत गुणगुणायचो आणि मध्येच एखादी ओळ बरी जमली की खूष व्हायचो. खूष! मग लगेच मी उठून बेसिनपाशी तोंड धुवायला जायचो. चोराने चोरीचा माल परत करायला नवा माल चोरावा, त्यातला प्रकार. पण पोरीची हळद होती. तिला गाणं मिळालं तर कुणाचं काय बिघडणार होतं, असं मी दोन दिवस घोकलं.

रिक्षाने शीळफाट्याला उतरलो. गुणाजीचं गाव होतं तिथे आता सोळा-सोळा मजली इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीवर त्याचंच नाव आहे, गुणाजी हाइट्स. लिफ्टमध्ये नव्या रंगाचा वास होता. पाचव्या मजल्यावर मोठा हॉल, भिंतभर टीव्ही, गुबगुबीत सोफा, आणि सोफा सोडून खाली चटईवर रखमाबाई. एवढीशी झाली होती. गळ्यातली शीर आता कायमचीच वर आलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं, आणि बराच वेळ हातांकडेच पाहत राहिली.

"आजी, टायपिंगवाले काका आलेत. तुझा धवला वाचून दाखवणार," कल्पिता तिच्या कानाशी म्हणाली.

"बस रं बाला," रखमाबाई म्हणाली.

मी खाली मांडी घातली. कल्पिताने कागद माझ्यापुढे ठेवले आणि फोन मधे उभा केला. मी वाचू लागलो. शेपूटवाल्या सीमधून, टिंबवाल्या यूमधून मांडव निघाला, उखळ निघालं, हळद निघाली. कल्पिता कागदाकडे आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती, गारुड्याकडे बघावं तशी. रखमाबाईचे ओठ हलायला लागले. एखादी ओळ ती माझ्याआधी म्हणायची, एखादी माझ्यामागून. सहाव्या पानावर खाऱ्या पाण्याची ओळ आली तेव्हा तिने ती गायली. आवाज फाटका होता, पण गायली. कल्पिताने डोळे पुसले. आणि मला, काय सांगू, त्या क्षणी आपण बरे आहोत असं वाटलं.

सातवं पान समोर आलं. मी डोळे अक्षरांवर ठेवले आणि तोंडाने माझी खाडी सुरू केली. खाडीबाई गो, ये, भरतीसंगं ये. डोळे म्हणत होते सर्व सभासदांना कळविण्यात येते. तोंड म्हणत होतं भरतीसंगं ये. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. कल्पिता मान डोलावत होती. रखमाबाईचे ओठ मात्र मिटले होते. तिने हात पुढे केला आणि पानावर पालथा ठेवला.

"ऱ्हवं दे," ती म्हणाली. "माजी सा पाना झाली. पुढची सगली एकाच तोंडाची हायत."

"काय बोलते आजी?" कल्पिता म्हणाली.

रखमाबाईने सातवं पान उचलून चटईवर ठेवलं, त्याच्याशेजारी आठवं ठेवलं, त्याच्याशेजारी नववं. मग बोट ठेवत गेली, या पानावर इथे, त्या पानावर तिथे. उलटं प्रश्नचिन्ह, पौंड, कंस. उलटं प्रश्नचिन्ह, पौंड, कंस. लग्नात चौक भरणारी बाई ती, कुठली रेघ कुठे जाते हे तिच्या नजरेला कुणी शिकवायला नको होतं. कल्पिता पुढे वाकली. आयुष्यात पहिल्यांदा ती ते कागद बघत होती.

"तुला कधी कळलं?" तिने आजीला विचारलं. माझ्याकडे बघून नाही.

"तवाच," रखमाबाई म्हणाली. "मी दम घ्याची, तरी याची बोटा थांबाची नाय."

माझा अंगठा मांडीवर दाबला गेला होता. मी तो दुसऱ्या हाताने धरला. बाईच्या आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मी उठून जाऊ शकलो असतो.

"मग तू गात का राहिलीस? एवढे दिवस?"

रखमाबाईने पानं परत एकावर एक रचली, कडा जुळवल्या. "तुजा आजा बसलेला ना बाजूला," ती म्हणाली. "माजा गाना जल्मभर दुसऱ्यांचे मांडवान. त्याचे कानान कई परला नाय. त्या अकरा दुपारा बसून आयकला त्यानी. मी त्याचेसाठी गायची."

मग ती कल्पिताला पाणी आण म्हणाली, आणि कल्पिता उठली नाही. फोनवरचा लाल ठिपका चालूच होता. मला वाटलं ती तो आता बंद करेल. सोळा मजल्यांच्या त्या इमारतीत कुठेतरी ड्रिलचं मशीन चालू झालं आणि थांबलं. माझ्या तोंडात माझ्याच खाडीची चव होती, खारट नव्हे, गोडसर, त्या वासासारखी. मी म्हणालो, "कल्पिता, मी—" माफी मागण्याचे आकडे माझ्या बोटांत नव्हते.

"काका," ती म्हणाली, अगदी शांतपणे, "आम्ही एवढी वर्षं कशाला हळदकुंकू लावलं, ते वाचा."

"नको, पोरी."

"वाचा. जे लिहिलंय तेच."

तिने सातवं पान माझ्यापुढे ठेवलं आणि फोन माझ्या तोंडाजवळ सरकवला. रखमाबाई भिंतीला टेकली, डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, गुणाजी बाकावर ठेवायचा तसे. मी वाचलं. सर्व सभासदांना कळविण्यात येते की सोसायटीच्या मैल्याच्या टाकीची साफसफाई होणार असल्याने त्या दिवशी दुर्गंधी येईल, तरी खिडक्या बंद ठेवाव्यात, झाकणं उघडी राहतील, लहान मुलांना लांब ठेवावे, आपला, सचिव. पान संपलं. मी मान वर केली.

कल्पिताने ते उचलून बाजूला ठेवलं, त्याच्यावरचा हळदीचा डाग बोटाने जरासा पुसला आणि आठवं पान माझ्यापुढे सरकवलं.

"हं," ती म्हणाली.

सर्व सभासदांना कळविण्यात येते की.